काँक्रीटमधला पाझर थोपवायचा कसा: क्युअरिंग आणि खनिज पूरकं, नव्यांसाठी पायरीपायरीने

काँक्रीट चांगलं झालं की नाही, याचा निकाल बहुतेक साइटवर क्यूब, म्हणजे चाचणीसाठी भरलेला काँक्रीटचा ठोकळा, फोडून लागतो. २८ दिवसांची ताकद कागदावर आली की सगळे निश्चिंत होतात. पण क्यूब साच्यातून निघाला की थेट पाण्याच्या टाकीत जातो आणि फोडायच्या दिवसापर्यंत तिथेच बुडून राहतो. कॉलमला, भिंतीला, स्लॅबला टाकी नसते. त्यामुळे क्यूबवरून कळते ती त्या मिश्रणाची कुवत. प्रत्यक्ष उभ्या असलेल्या काँक्रीटची अवस्था वेगळी असू शकते, आणि हा फरक सगळ्यात जास्त पडतो तो पृष्ठभागापासून ३० ते ५० मिलिमीटर खोलीपर्यंत. सळईवरचं कव्हर, म्हणजे सळईला झाकणारा काँक्रीटचा थर, साधारण तेवढंच असतं.

सळई गंजवणारं जे काही आहे, म्हणजे पाणी, ऑक्सिजन, क्लोराइड, कार्बन डायऑक्साइड, ते सगळं याच थरातून आत जातं. गाभ्यातलं काँक्रीट स्वतःची ओल बराच काळ धरून ठेवतं, त्यामुळे बाहेरून पाणी मारण्यात हयगय झाली तरी त्याचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते कव्हर. म्हणून नव्या माणसाला मी पहिली गोष्ट हीच सांगतो की क्युअरिंग, म्हणजे ओतलेलं काँक्रीट ओलं ठेवणं, कव्हरसाठी करायचं असतं. फ्लाय ॲश, स्लॅग, सिलिका फ्यूम या सिमेंटच्या जोडीने घालायच्या खनिज पूरकांचा फायदाही याच थरात मिळाला पाहिजे, आणि क्युअरिंग चुकलं तर तो पहिल्यांदा इथेच हातातून जातो.

आधी पाझराची वाट ओळखा

सिमेंट पाण्यात कालवलं की त्याचे कण पाण्यात विखुरतात. कणांमधली पाण्याने भरलेली जागा हीच पुढे छिद्रं बनते. सिमेंट आणि पाणी यांच्या क्रियेतून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होतं. आपण त्याला सोयीसाठी जेल म्हणू. ते कणांभोवती वाढत जाऊन मधली जागा भरतं. जेलही सच्छिद्र असतं, त्याच्या आकारमानाचा सुमारे २८ टक्के भाग पोकळच असतो. पण ती पोकळी काही नॅनोमीटरची असल्यामुळे तिच्यातून पाणी जवळजवळ सरकत नाही. त्रास होतो तो जेलने भरायच्या राहून गेलेल्या केशनलिकांचा.

सुरुवातीला या केशनलिका जुन्या वस्तीतल्या गल्लीबोळांसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. एका टोकाने शिरलेलं पाणी दुसऱ्या टोकाने बाहेर पडू शकतं. जेल वाढेल तशा त्या अरुंद होतात आणि मग मध्येच बंद पडू लागतात. छिद्रं शिल्लक राहतात, पण आरपार जाणारी वाट राहत नाही. पारगम्यता, म्हणजे पाणी आरपार जाऊ देण्याचं प्रमाण, कमी होण्याचं खरं कारण हे आहे. एकूण पोकळी थोडीशी घटली तरी पारगम्यता शेकडो पटींनी घटते, ती यामुळेच.

सिमेंट संशोधक टी. सी. पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात हे मोजून दाखवलं. पाणी-सिमेंट प्रमाण ०.७ असलेली सिमेंट पेस्ट ओली ठेवली, तेव्हा पाचव्या दिवसापासून चोविसाव्या दिवसापर्यंत तिची पारगम्यता सुमारे ४०० पटींनी कमी झाली. ताकद एवढ्या काळात फार तर दुपटीच्या आसपास जाते. क्युअरिंग लवकर थांबवलं तर ताकदीचा आकडा थोडासा घसरलेला दिसतो आणि कोणी फारसं मनावर घेत नाही. पाझराच्या बाबतीत मात्र तेवढ्याच दिवसांत फार मोठं नुकसान झालेलं असतं, आणि ते क्यूबच्या आकड्यात दिसत नाही.

जेलची ही वाढ पाण्यावाचून होत नाही. छिद्रांमधली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांखाली गेली की सिमेंटची क्रिया जवळपास थांबते. जाड काँक्रीटच्या गाभ्यात ही वेळ यायला महिने लागतात. उन्हावाऱ्याला उघड्या पडलेल्या पृष्ठभागाला थोडे दिवस पुरतात.

पायरी १: पाणी आधी आवरा

क्युअरिंगने काय साधेल याची मर्यादा मिश्रण करतानाच ठरते. केशनलिकांची सलग वाट बंद व्हायला किती काळ ओलं ठेवावं लागतं, याचे पॉवर्स, कोपलँड आणि मान यांनी १९५९ मध्ये दिलेले आकडे आजही उपयोगी आहेत. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० असेल तर सुमारे ३ दिवस, ०.४५ असेल तर ७ दिवस, ०.५० असेल तर १४ दिवस, ०.६० असेल तर ६ महिने आणि ०.७० असेल तर वर्षभर. प्रमाण ०.७० च्या वर असेल तर कितीही काळ पाणी दिलं तरी वाट बंद होत नाही, कारण ती जागा भरेल एवढं जेलच तयार होत नाही. आजचं सिमेंट जास्त बारीक दळलेलं असतं, त्यामुळे दिवस थोडे कमी लागतात. पण ०.५० च्या पुढे गणित एकदम हाताबाहेर जातं, हे आजही तसंच आहे.

एका घनमीटरला ३५० किलो सिमेंट आणि १५८ लिटर पाणी धरा. प्रमाण झालं ०.४५. आता काँक्रीट घट्ट वाटतंय म्हणून कोणी मिक्सरमध्ये २० लिटर पाणी वाढवलं, तर प्रमाण ०.५१ होतं. आठवड्याच्या क्युअरिंगने जमलं असतं तिथे आता दोन आठवड्यांहून जास्त लागणार. वाळूचंही तसंच. ७०० किलो वाळूवर ४ टक्के वरची ओल असेल तर २८ लिटर पाणी न मोजता आत गेलं आणि प्रमाण ०.५३ झालं. म्हणून रोज सकाळी वाळूतली ओल मोजा आणि तेवढं पाणी कमी करा. वाळू तापवून आधीचं आणि नंतरचं वजन घेतलं की ओल कळते. त्यातून वाळूने स्वतःच्या आत शोषलेलं पाणी वजा करायचं, म्हणजे वरची ओल मिळते. काँक्रीट नीट वाहत नसेल तर सुपरप्लास्टिसायझरचा, म्हणजे पाणी न वाढवता काँक्रीट वाहतं करणाऱ्या रसायनाचा, डोस वाढवा, पाणी वाढवू नका.

फ्लाय ॲश किंवा स्लॅग घातलेलं असेल तर भाजक म्हणून सिमेंट आणि पूरक यांचं एकत्र वजन घेतात. त्याला पाणी-बाइंडर प्रमाण म्हणतात. टिकाऊ काँक्रीटसाठी ते ०.४५ च्या आत ठेवा. समुद्राचं पाणी किंवा बर्फ वितळवायचं मीठ लागणार असेल तर ०.४० च्या आसपास.

पायरी २: कोणतं पूरक, कशासाठी

सिमेंटच्या क्रियेतून जेलबरोबर चुनाही बाहेर पडतो, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. घट्ट झालेल्या पेस्टमधल्या घन पदार्थांत त्याचा वाटा २० ते २५ टक्के असतो. ताकदीत त्याची भर नगण्य असते. तो पाण्यात विरघळतो आणि पाझराबरोबर बाहेर येऊन भिंतीवर पांढरे ओघळ सोडतो. खनिज पूरकांमधली क्रियाशील सिलिका या चुन्याशी जुळते आणि आणखी जेल तयार करते. कमकुवत पदार्थ जातो आणि त्याच्या जागी केशनलिका बुजवणारा पदार्थ येतो. रोमच्या पँथिऑनचा घुमट सुमारे १९०० वर्षं उभा आहे, त्यातही चुन्याबरोबर ज्वालामुखीची राख आहे. त्यात लोखंडी सळई नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. आपल्या अडचणीचा मोठा भाग सळईमुळे आहे.

यातली एक गोष्ट नवी माणसं हमखास विसरतात. ही दुसरी क्रिया चुना तयार झाल्यावरच सुरू होते आणि तिलाही पाणी लागतं. म्हणजे पूरक घातल्यावर क्युअरिंगची गरज वाढते.

फ्लाय ॲश म्हणजे कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रातली बारीक राख. तिचे कण गोल असल्यामुळे काँक्रीट कमी पाण्यात वाहतं. कमी कॅल्शियमची राख साधारणपणे १५ ते ३५ टक्के घालतात (हे आणि पुढचे टक्के सिमेंट आणि पूरक यांच्या एकत्र वजनाचे). ती सावकाश काम करते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत तिचा रासायनिक हातभार थोडाच असतो आणि खरा फरक २८ ते ९० दिवसांत दिसतो. अमेरिकेतलं हंग्री हॉर्स धरण १९५३ मध्ये पूर्ण झालं, त्यात फ्लाय ॲश मोठ्या प्रमाणावर वापरली होती आणि तिथूनच मोठ्या बांधकामांत तिच्यावर विश्वास बसत गेला. राखेत न जळालेला कोळसा जास्त असेल तर हवा धरणारं रसायन तो शोषून घेतो. गोठणाऱ्या हवेत काम असेल तर ज्वलनातली घट, म्हणजे भाजल्यावर राखेचं वजन किती कमी होतं, हे आधी तपासून घ्या.

स्लॅग हा पोलाद उद्योगातल्या झोतभट्टीचा मळ. तो पाण्याने झटकन थंड करून दळतात, म्हणून काचेसारखा राहतो. सिमेंटमधल्या अल्कलीने चेतवल्यावर तो स्वतःही घट्ट होतो. ३० ते ७० टक्क्यांपर्यंत घालता येतो. साचा काढल्यावर स्लॅगच्या काँक्रीटवर निळसर-हिरवी झाक दिसते आणि नवे लोक घाबरतात. हवा लागली की ती उतरते. फोडलेल्या कोअरच्या, म्हणजे काँक्रीटमधून कापून काढलेल्या नळकांड्यासारख्या नमुन्याच्या, आतल्या भागात ती बराच काळ टिकते.

सिलिका फ्यूम या सगळ्यांत वेगळा. सिमेंटच्या कणाहून त्याचा कण सुमारे १०० पट लहान असतो. सिमेंटचं पृष्ठफळ किलोला ३०० ते ४०० चौरस मीटर असतं, तर याचं १५,००० ते ३०,०००. ५ ते १० टक्केच पुरतो, पण सुपरप्लास्टिसायझरशिवाय काँक्रीट हाताळता येत नाही. खडीच्या भोवती २० ते ५० मायक्रॉनचा एक पोकळसर पट्टा असतो. खडीला लागून पाणी साचतं म्हणून तो तयार होतो आणि पाझराला तो फार सोयीचा असतो. सिलिका फ्यूम हा पट्टा घट्ट करतो. क्लोराइड अडवायला इतकं परिणामकारक दुसरं पूरक मिळणं कठीण. त्याची क्रिया पहिल्या आठवड्यातच जोर धरते, त्यामुळे त्याच्या बाबतीत सुरुवातीचे दिवस कोरडे गेले तर नंतर पाणी देऊन भरपाई होत नाही.

मेटाकाओलिन म्हणजे ६५० ते ८०० अंश सेल्सिअसला भाजलेली काओलिन माती. ५ ते १५ टक्के घालतात आणि वागायला सिलिका फ्यूमच्या जवळची असते. चुनखडीची भुकटी मुख्यतः जागा भरते आणि जेल वाढायला आधार देते. भाजलेल्या मातीबरोबर घातली तर तिची थोडी रासायनिक मदतही होते.

निवड करताना धोका कशाचा आहे हे आधी विचारा. समुद्र किंवा मिठाचा संबंध असेल तर स्लॅग ५० टक्के किंवा त्याहून जास्त, नाहीतर फ्लाय ॲश २५ ते ३० टक्के, आणि कव्हर पातळ असेल तर थोडा सिलिका फ्यूम. स्लॅग आणि फ्लाय ॲशमधला ॲल्युमिना क्लोराइडला बांधूनही ठेवतो, हा वरचा फायदा. जमिनीत सल्फेट असेल तर कमी कॅल्शियमची फ्लाय ॲश चांगली. जास्त कॅल्शियमची राख तिथे उलटी पडू शकते. खडी अल्कलीशी क्रिया करणारी असेल तरीही कमी कॅल्शियमची राख किंवा स्लॅग घ्या.

आता या पूरकांची एक दुखरी बाजू. काँक्रीटमधला चुना सळईभोवती सामू १२.५ च्या वर राखायला मदत करतो, आणि त्या सामूत सळईवर संरक्षक थर टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड चुना खात आत सरकतो आणि सामू ९ च्या खाली आणतो. पूरकांनी आधीच बराच चुना वापरलेला असेल, आणि त्यात क्युअरिंग अपुरं राहून वाटाही उघड्या असतील, तर कार्बोनेशन साध्या सिमेंटपेक्षा वेगाने आत जातं. म्हणून जास्त पूरक, पातळ कव्हर आणि तुटपुंजं क्युअरिंग ही तिन्ही एकत्र येऊ देऊ नका. दिवस पाळले जातील याची खात्री नसेल तर पूरकाचं प्रमाण उतरवा, हे माझं ठाम मत आहे. कागदावरच्या मिश्रणापेक्षा साइटवर प्रत्यक्ष काय होणार आहे, ते धरून मिश्रण ठरवावं.

पायरी ३: ओतल्यापासूनचे पहिले तास

काँक्रीट घट्ट झाल्यावर दुसऱ्या दिवशी पाणी मारायला लागायचं, अशी सवय सगळीकडे आढळते. तोपर्यंत पृष्ठभागाने बरंच गमावलेलं असतं. ताज्या काँक्रीटवर पाणी वर येतं, ते उडून जाण्याचा वेग जास्त असेल तर पृष्ठभाग आक्रसतो आणि चिरा पडतात. या चिरा कव्हरच्या आरपार जाऊ शकतात. तशा गेल्या तर खालच्या घट्ट काँक्रीटचा काही उपयोग राहत नाही.

धोक्याची खूण म्हणून तासाला चौरस मीटरमागे १ किलो बाष्पीभवन धरतात. सिलिका फ्यूमच्या काँक्रीटवर पाणी जवळजवळ येतच नाही, त्यामुळे तिथे याच्या निम्म्यालाही सावध व्हा. मोजायला मोठं साहित्य लागत नाही. ५० सेंटिमीटर बाय ४० सेंटिमीटरचा एक उथळ ट्रे घ्या, म्हणजे ०.२ चौरस मीटर झालं. त्यात काठोकाठ पाणी भरून स्लॅबच्या बाजूला, त्याच वाऱ्यात ठेवा आणि तासाभराने वजन घ्या. २०० ग्रॅम कमी झालं असेल तर तुम्ही मर्यादेवर आहात. काँक्रीट पाण्यापेक्षा गरम असेल तर प्रत्यक्ष वेग याहून जास्त असणार.

वेग जास्त आला तर वाऱ्याला आडोसा करा, वर बारीक तुषार सोडा, दोन कामांच्या मधल्या वेळात प्लास्टिकचा कागद पसरा. तुषार म्हणजे धुक्यासारखे. पाइपाची धार ताज्या काँक्रीटवर कधीही सोडू नका. वर आलेलं पाणी जाईपर्यंत थापी फिरवू नका. ते पाणी आत घोटलं की सगळ्यात वरच्या थरातलं प्रमाण बिघडतं. ते टिपायला वरून कोरडं सिमेंट भुरभुरवू नका. त्याने वर एक पातळ थर होतो, त्यावर जाळीसारख्या बारीक चिरा येतात आणि तो पुढे सुटतो.

पायरी ४: पाणी द्यायचं कसं

आडव्या स्लॅबला कडेने बांध घालून पाणी साठवणं सगळ्यात खात्रीचं. ते जमत नसेल तर गोणपाट भिजवून अंथरा आणि त्यावर प्लास्टिक टाका. कडा एकमेकींवर चढवा आणि टोकं दाबून ठेवा, नाहीतर खालून वारा शिरतो. नुसतं गोणपाट दुपारपर्यंत सुकतं, आणि सुकलेलं गोणपाट काँक्रीटमधलंच पाणी ओढतं.

सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून जाणं हे क्युअरिंग नव्हे. मधल्या तासांत पृष्ठभाग कोरडा होतो, क्रिया थांबते, पुन्हा ओला होतो, आणि या ओढाताणीत बारीक चिरा पडतात. थोडे दिवस पण अखंड ओलं ठेवलेलं काँक्रीट, जास्त दिवस अधूनमधून भिजवलेल्या काँक्रीटपेक्षा मला केव्हाही चालेल.

उभ्या भागांची सगळ्यात जास्त हेळसांड होते. कॉलमवर पाणी टिकत नाही, म्हणून साचा शक्य तितके दिवस ठेवा. साचा काढला की त्याच तासात ओलं गोणपाट गुंडाळून वर प्लास्टिक बांधा. कॉलमच्या कोपऱ्यांकडे खास बघा. तिथे काँक्रीट दोन बाजूंनी सुकतं आणि सळईही कोपऱ्यातच असते, म्हणून गंजाच्या पहिल्या चिरा बहुतेक वेळा तिथेच उभ्या रेषेत उमटतात. बीमच्या तळाचं तसंच.

क्युअरिंग कंपाउंड वापरत असाल तर वेळ गाठावी लागते. पृष्ठभागावरची पाण्याची चमक जाते, त्या क्षणी मारा. उशीर झाला की ते छिद्रांत शोषलं जातं आणि पडदा तयार होत नाही. लिटरमागे ५ चौरस मीटरपेक्षा जास्त ताणू नका, आणि दोन हात एकमेकांना आडवे द्या. ज्यावर पुढे गिलावा किंवा फरशी बसवायची आहे तिथे ते पकड बसू देत नाही, म्हणून टाळा.

पाण्याचं तापमानही बघा. तापलेल्या काँक्रीटवर त्याच्याहून ११ अंशांपेक्षा जास्त थंड पाणी पडलं की कातरल्यासारख्या चिरा जाऊ शकतात. वाफेवर क्युअरिंग करत असाल तर ओतल्यावर ३ ते ४ तास थांबा आणि काँक्रीटचं तापमान ७० अंशांवर जाऊ देऊ नका. त्यावर गेलं तर एट्रिंजाइट नावाचं खनिज महिन्या-वर्षांनी उशिरा तयार होऊन काँक्रीट आतून फुगवू शकतं. थंडीत उलटी अडचण असते. १० अंशांखाली सगळं मंदावतं, पूरकांचं तर फारच. आणि ताकद सुमारे ३.५ मेगापास्कल होण्याआधी काँक्रीट गोठलं तर ते कायमचं सैल राहतं.

पाणी-बाइंडर प्रमाण ०.४० च्या खाली असलेल्या काँक्रीटबद्दल थोडं वेगळं. सिमेंटच्या वजनाच्या साधारण २३ टक्के पाणी क्रियेत बांधलं जातं आणि आणखी १५ ते १९ टक्के जेलमध्ये अडकतं. एवढं पाणी मुळातच नसेल तर काँक्रीट आतूनच कोरडं पडतं आणि आक्रसतं. पृष्ठभाग नुसता झाकून भागत नाही, बाहेरून पाणी द्यावं लागतं. तेही लवकर, कारण वाटा बंद झाल्यावर बाहेरचं पाणी आत शिरत नाही. यावर एक उपाय म्हणजे आधी भिजवलेली हलकी, सच्छिद्र वाळू मिश्रणात घालणं. ती आतून पाणी सोडत राहते. १०० किलो सिमेंटमागे सुमारे ७ किलो पाणी अशा वाळूतून पुरवावं, हा हिशोब बहुतेक ठिकाणी चालतो.

पायरी ५: किती दिवस

साध्या सिमेंटला किमान ७ दिवस अखंड. फ्लाय ॲश किंवा स्लॅग असेल तर किमान १०, आणि हवा कोरडी किंवा गरम असेल तर १४. फ्लाय ॲश ३० टक्क्यांच्या किंवा स्लॅग ५० टक्क्यांच्या पुढे असेल तर मी १४ च्या खाली येत नाही. दिवस काँक्रीट ओतल्यापासून मोजायचे. एखादा दिवस कोरडा गेला तर तो नुसता वजा करून भागत नाही, कारण तेवढ्यात कव्हरमधली क्रिया थांबलेली असते आणि पुन्हा भिजवल्यावर ती पूर्वीच्या जोमाने सुरू होत नाही. साच्यात असलेले दिवस धरले तरी चालतं, फक्त साच्याची फळी कोरडी आणि पाणी पिणारी नको.

पायरी ६: खरंच साधलं का, ते तपासा

ही तपासणी प्रत्येक नव्या माणसाने एकदा तरी स्वतःच्या हाताने करावी. एकाच घाण्यातून १०० मिलिमीटरचे दोन क्यूब भरा. एक १४ दिवस पाण्यात ठेवा, दुसरा दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून उघड्यावर. मग दोन्ही ५० अंशांच्या ओव्हनमध्ये, वजन जवळजवळ स्थिर होईपर्यंत सुकवा आणि गार होऊ द्या. बाजूच्या चारही अंगांना मेण किंवा चिकटपट्टी लावा. ट्रेमध्ये दोन बारीक सळ्या ठेवून त्यावर क्यूब ठेवा आणि क्यूबचा तळ फक्त ३ मिलिमीटर बुडेल एवढं पाणी घाला. १, ५, १०, २०, ३०, ६० मिनिटांनी आणि नंतर सहा तासांपर्यंत दर तासाला क्यूब उचला, ओल्या फडक्याने तळ टिपा, वजन करा. १०० चौरस सेंटिमीटरच्या तळाला १० ग्रॅम वाढ म्हणजे १ मिलिमीटर पाणी शोषलं गेलं. ही उंची मिनिटांच्या वर्गमुळासमोर मांडली की जवळपास सरळ रेषा येते. तिचा चढ म्हणजे शोषणाचा वेग. दोन रेषा शेजारी दिसल्या की क्युअरिंगवर वेगळं काही सांगावं लागत नाही. उघड्यावर ठेवलेल्या क्यूबच्या बाजूंवर ओलीचा काळसर पट्टा डोळ्यांदेखत चढताना दिसतो. तो नीट दिसावा म्हणून एका बाजूला मेणाऐवजी पारदर्शक चिकटपट्टी लावा.

मोठ्या कामांवर क्लोराइडची जलद चाचणी करतात. १०० मिलिमीटर व्यासाची, ५० मिलिमीटर जाडीची चकती, ६० व्होल्ट, ६ तास, आणि त्यातून किती कूलंब विद्युतभार गेला ते मोजायचं. ४००० च्या वर म्हणजे पारगम्यता जास्त, २००० ते ४००० मध्यम, १००० ते २००० कमी, १०० ते १००० फार कमी. हा आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फ्लाय ॲश आणि स्लॅगचं काँक्रीट २८ दिवसांना फारसं चांगलं दिसत नाही, ५६ किंवा ९० दिवसांना बघा. आणि पूरकांमुळे छिद्रांतल्या पाण्याची वीज वाहण्याची क्षमताही घटते, त्यामुळे आकड्यातली सगळी घट वाट बंद झाल्याची नसते. ज्या कामात पाण्याचा दाब येणार, तिथे ५ बारच्या दाबाखाली ७२ तास ठेवून, नमुना फोडून पाणी किती खोल गेलं ते बघणारी चाचणी मला जास्त भरवशाची वाटते.

जुन्या होत चाललेल्या कामावर फिनॉल्फ्थॅलिन वापरा. काँक्रीटचा ताजा फोडलेला भाग घ्या, धूळ झटका, अल्कोहोलमधलं १ टक्का द्रावण फवारा. जिथे सामू टिकून आहे तो भाग गडद गुलाबी होतो, बाहेरचा कार्बोनेट झालेला थर रंगहीन राहतो. पृष्ठभागापासून गुलाबी कडेपर्यंतचं अंतर पाच-सहा ठिकाणी मोजा. ही खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ४ वर्षांत १० मिलिमीटर गेली असेल तर १६ वर्षांत २० मिलिमीटर. तिथल्या कव्हरची जाडी माहीत असेल तर सळईपर्यंत पोचायला किती वर्षं उरली, हा हिशोब तिथेच करता येतो.

या सगळ्या चाचण्यांसाठी टाकीतले क्यूब घेऊ नका. खऱ्या कामाशेजारी त्याच दिवशी, त्याच काँक्रीटचा एक छोटा भिंतीसारखा तुकडा ओता, त्याला भिंतीइतकंच पाणी मिळू द्या, आणि कोअर त्यातून काढा. कोअर कापताना बाहेरचा ५० मिलिमीटरचा भाग चाचणीसाठी ठेवा. प्रयोगशाळा सवयीने तो कापून टाकते आणि मधला भाग घेते, म्हणून चकती कुठून हवी हे मागणीपत्रात आधीच लिहून द्या.